मढवलेलं बटण : एक रसग्रहण

मराठीत समीक्षेला विषय कमी पडल्याचं ऐकिवात नाही. कवितेची समीक्षा होते, त्या समीक्षेची समीक्षा होते, आणि तिच्यावर भरलेल्या परिसंवादात चहा जास्त गार होता की वक्ते, याचीही कुठेतरी नोंद होते. नाटक पडलं तर आपण त्याची दहा कारणं देतो. सोफ्याचं बटण पडलं तर मात्र कुणी कारण विचारत नाही. "पडलं वाटतं," एवढंच म्हणतात आणि ते उचलून कपाटावरच्या वाटीत टाकतात. प्रत्येक मराठी घरात अशी एक वाटी असते. तीत कुलपं हरवलेल्या किल्ल्या, एक उडालेला फ्यूज, कुठल्या दाराची ते कुणालाच न आठवणारी बिजागरी आणि 'लागेल कधीतरी' या एकाच आशेवर जगणारे सात-आठ स्क्रू असतात. सोफ्याचं बटण या मंडळीत जाऊन पडतं आणि विस्मृतीत जातं.

हा अन्याय आहे. गेल्या दिवाळीच्या सुमाराला खोडाळ्यात एका मढवलेल्या बटणाशी माझा इतका जवळून परिचय झाला, की त्याच्यावर चार शब्द लिहिल्यावाचून मला राहवत नाही. माझी पात्रता काय, असं कुणी विचारील. तर मी आयुष्यभर सोफ्यावर बसत आलो आहे. पुष्कळ समीक्षकांचा साहित्याशी संबंध याहून जवळचा नसतो.

खोडाळ्याला जायचं म्हणजे कसाऱ्यापर्यंत लोकल, आणि तिथून विहीगावमार्गे डोंगरातून वळणं घेत वर. मोखाडा तालुक्यातलं हे गाव. २०१४ च्या ऑगस्टपर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होतं, नंतर पालघर जिल्ह्यात गेलं. म्हणजे गाव होतं तिथेच राहिलं, फक्त सरकारी कागद कुठे न्यायचे ते बदललं. इथे पाऊस पडतो असं म्हणणं म्हणजे समुद्र ओला असतो असं म्हणण्यासारखं आहे. आषाढ-श्रावणात पापडाचा डबा उघडला तर आतल्या पापडांची लुंगी होते. अशा गावात अस्सल चामड्याचा, मागे बटणं टाचलेला, गोल हातांचा, तीन माणसांचा विलायती सोफा असेल असं स्वप्नातही कुणाला वाटणार नाही. पण तो आहे. माझ्या एका स्नेह्यांकडे आहे. ते निवृत्त मुख्याध्यापक. गाव त्यांना गुरुजी म्हणतं, म्हणून मीही म्हणतो.

सोफा गुरुजींचा नव्हे. तो त्यांच्या दादरच्या थोरल्या भावाचा. भावाने तो साठीच्या दशकात कुठल्याशा कंपनीचं ऑफिस हललं तेव्हा लिलावात घेतला होता. पुढे दादरची चाळ पाडून तिथे टॉवर झाला. चौदाव्या मजल्यावरच्या नव्या जागेत माणसं मावली, सोफा लिफ्टमध्ये मावला नाही. "तुझ्याकडे जागा आहे," असं म्हणून भावाने तो टेंपोत घालून खोडाळ्याला धाडला. शहराला जे मावत नाही ते गावाकडे आणि गावातलं जे शहराला हवं ते शहराकडे, ही जुनी रीत आहे. वैतरणा नदी याच मुलखातून जाते. तिच्यावर मध्य वैतरणा धरण झालं आणि तिथलं पाणी मुंबईला जाऊ लागलं. उन्हाळ्यात तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. पण तो विषय विनोदी लेखाचा नाही, आणि सोफ्याचा तर मुळीच नाही.

तर गुरुजींनी माझ्यापुढे चहा ठेवला. बशीत दोन बिस्किटं होती आणि एक बटण होतं.

"हे काय?"

"ओळखा," गुरुजी म्हणाले. चाळीस वर्षं मुलांना प्रश्न विचारून त्यांची सवय गेलेली नाही.

बटण तळहातावर घेतलं. वर गडद तपकिरी चामडं, घट्ट ओढून बसवलेलं. खाली पत्र्याची चकती. तिच्या मधोमध तारेचं कडं. शर्टाच्या बटणाला काज असतं, याला नव्हतं. हे काही उघडत नाही आणि काही मिटवतही नाही. वरवर पाहता याचा जगाला काडीचा उपयोग नाही. व्यासपीठावर शाल घेऊन बसलेल्या आणि भाषण न करणाऱ्या पाहुण्यासारखं ते सोफ्याच्या पाठीत आपल्या खळग्यात बसून राहतं. माझा पहिला ग्रह हाच झाला, आणि बहुतेकांचा तोच होतो. चटकन मत देणाऱ्या समीक्षकांनी इथेच लेख संपवला असता : 'अलंकरणाचा सोस, आशयाचा अभाव.'

पण या बटणाचं कूळ जरा खोल आहे. फोम येण्यापूर्वी सोफ्याच्या पोटात घोड्याचे केस, लोकर, काथ्या, गवत असलं काहीबाही भरत. हा ऐवज स्वभावाने चळवळ्या. माणूस टेकला की तो बाजूला सरकतो आणि हळूहळू खाली उतरतो; काही वर्षांनी सोफ्याला वर पाठ उरत नाही आणि खाली पोट सुटतं. त्याला जागच्या जागी ठेवायचा उपाय एकच : समोरून मागपर्यंत आरपार दोरा घालायचा, ओढायचा आणि मागे गाठ मारायची. पण चामड्यावर नुसता दोरा ओढला तर तो चामडं कापत आत शिरतो. म्हणून दोऱ्याच्या तोंडाशी काहीतरी रुंद हवं. ते रुंद काहीतरी म्हणजे बटण. चार बटणांच्या मध्ये जे चामडं फुगतं त्याच्या घड्या चौकटच्या एक्क्यासारख्या पडतात, आणि चांगला कारागीर पाठीवरच्या त्या घड्यांची तोंडं खाली वळवतो, म्हणजे त्यांत धूळ साठत नाही. एकोणिसाव्या शतकात स्प्रिंगा आल्या, बैठका जाड झाल्या, आणि विलायतेतल्या दिवाणखान्यांत या बटणांचं पीक आलं.

या घाटाच्या सोफ्याला चेस्टरफील्ड म्हणतात. त्याचा संबंध चेस्टरफील्डच्या चौथ्या उमरावाशी लावतात. कपड्यांना चुणी न पडता ताठ बसता यावं म्हणून त्याने असं आसन करवून घेतलं, अशी कथा आहे. तिला भरवशाचा पुरावा नाही. पण फर्निचर विकणारे आणि वंशावळी लिहिणारे पुराव्यासाठी कधी अडून बसलेले नाहीत. त्या उमरावाची दुसरी एक आख्यायिका मला जास्त आवडते. १७७३ साली तो मरणपंथाला लागलेला असताना भेटीला एक स्नेही आला, तर त्याला बसायला खुर्ची द्या, असं नोकराला सांगून त्याने प्राण सोडला म्हणे. आपल्याकडे मरणाऱ्याच्या तोंडात गंगाजळ घालतात. खुर्ची सोडताना ती दुसऱ्याला द्या असं सांगणारा माणूस आपल्या सार्वजनिक जीवनात माझ्या पाहण्यात नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं साहेबाचं. आपला काय संबंध? संबंध आहे. आपली कापसाची गादी आठवा. पिंजारी दारात यायचा, पिंजणाच्या तातेचा टणत्कार गल्लीभर घुमायचा, कापूस बर्फासारखा उडायचा आणि घरातली सगळी मुलं शिंकायची. कापूस भरून झाला की तो वीत-वीत अंतरावर दोरा आरपार घालून टाके मारायचा. टाक्याच्या जागी खळगा पडायचा, आणि दोऱ्याने कापड फाटू नये म्हणून गाठीखाली कापडाची चिंधी नाहीतर दोऱ्याचा गोंडा असायचा. तो गोंडा म्हणजे आपलं मढवलेलं बटण. दोघेही कापूस किंवा केस पळून जाऊ नयेत म्हणून उभे असलेले पोलीस. एक गणवेशातला, दुसरा साध्या वेशातला. फरक इतकाच, की गादीवाल्याने गाठ वर दिसेल अशी मारली आणि सोफेवाल्याने ती पाठीमागे लपवली. गादीचा टाका उसवला की घरातली कुणीही आजी दाभण घेऊन बसायची. सोफ्याचं बटण तुटलं की घरात सभा भरते.

गुरुजींकडे अशी सभा भाऊबीजेला भरली होती. पुण्याचा मुलगा आला होता. त्याने बटणाचा फोटो काढून शहरातल्या एका मोठ्या दुकानाला पाठवला. दुकानाचं उत्तर दोन मिनिटांत आलं : एक बटण बसवत नाही, पूर्ण पाठ नवीन करावी लागेल, चामड्याऐवजी दुसरं मटेरियल सुचवू, जुना सोफा दिल्यास नव्यावर सवलत. शिवाय नेण्या-आणण्याचा खर्च वेगळा. तो ऐकून काकू म्हणाल्या, "एवढ्यात दुभती म्हैस येते, आणि तिला बटणं नसतात."

तोवर घरगुती इलाज सुरू झाले होते. हे इलाज म्हणजे मराठी मध्यमवर्गाचं स्वतंत्र लोकसाहित्य आहे. पहिला इलाज चिकटवण्याचा. बटणाला पोरांच्या प्रकल्पातला गोंद फासून ते खळग्यात दाबतात, वर जाड शब्दकोश टेकवून ठेवतात. दुसऱ्या दिवशी बटण शब्दकोशाला चिकटलेलं असतं. मुळात जे ओढून धरायला जन्मलं आहे ते चिकटवून काय होणार? दुसरा इलाज झाकण्याचा, आणि इथे आपला हात कुणी धरणार नाही. रेडिओला झबलं, टीव्हीला पडदा, फ्रिजच्या मुठीला मोजा घालणारे लोक आपण. चामडं खराब होऊ नये म्हणून सोफ्यावर खोळ, खोळ मळू नये म्हणून तिच्यावर चादर, आणि चादर चुरगळू नये म्हणून मुलांना त्यावर बसायची मनाई. काकूंनी बटणाच्या खळग्यावर क्रोशाचा रुमाल टाकला होता. खळगा झाकला गेला, पण रुमाल नेमका तिथेच का आहे हे उचलून बघण्याचा मोह एकाही पाहुण्याला आवरला नाही. आणि खळगा दिसला की माणूस त्यात बोट घालतो. न्यायमूर्ती असो की नारळवाला, बोट घालतोच. लहान मुलं तर आतला काथ्या ओढून बाहेर काढतात. एक बटण गेलं की त्याच्या चारी बाजूंच्या घड्या सैल पडतात, शेजारच्या बटणांवर ताण येतो, आणि आणखी एक जातं. एकत्र कुटुंबं अशीच मोडली.

आता नव्या सोफ्यांविषयी चार कठोर शब्द. १९२९ मध्ये डनलॉपवाल्यांनी रबराचा चीक फेसून त्याचा फोम केला. पुढे रसायनांचा फोम आला. आपल्याकडे कित्येक वर्षं कुठल्याही फोमला डनलॉपच म्हणत. फोम अखंड असतो. तो सरकत नाही, उतरत नाही, त्याला ओढून धरायला कुणी लागत नाही. म्हणजे बटणाची नोकरी गेली. पण गणवेश गेला नाही. दुकानातला सोफा अजूनही बटणं लावून उभा असतो, कारण बटणं असली की भारी दिसतं. पुष्कळ ठिकाणी ती दोन-तीन इंच आत जाऊन संपतात. मागे गाठ नाही, दोरा नाही, खिळ्यासारखी नुसती टोचलेली. पाठीमागचं काळं पातळ कापड स्टेपलच्या पिनांनी कायमचं बंद. जुन्या बटणाने काम केलं आणि अलंकार असल्याचं सोंग घेतलं. नवं बटण अलंकार आहे आणि काम करत असल्याचं सोंग घेतं. साहित्यात याला आपण अनुकरण म्हणतो. फर्निचरच्या दुकानात त्याला 'रॉयल लुक' म्हणतात.

चामड्याचीही तीच गत. रेक्झिन हे मुळात मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या कारखान्याच्या मालाचं नाव. कापडावर लेप चढवून केलेलं नकली चामडं. विलायतेत ते नाव पुसट झालं आणि आपल्याकडे इतकं रुळलं, की रिक्षाच्या सीटपासून शाळेच्या दप्तरापर्यंत सगळं रेक्झिनचं झालं. पण रेक्झिन आपण नकली आहोत हे लपवत नव्हतं. हल्लीचं नकली चामडं वासही चामड्याचा मारतं आणि आपल्या दमट हवेत काही वर्षांत भाजलेल्या वांग्यासारखे त्याचे पापुद्रे निघतात. पाहुणा उठून जातो तेव्हा सोफ्याचा थोडा भाग त्याच्या पाठीला लागून जातो. त्याच्यावर नवं बटण बसवायचा प्रश्नच येत नाही. सोफाच आधी जातो. अस्सल चामडं खोडाळ्यातही टिकतं. पावसाळ्यात त्याच्यावर बुरशीची पांढरी साय धरते, ती कोरड्या फडक्याने पुसायची आणि वारा द्यायचा. त्याची तक्रार एकच. कापडातून सुई काढली की भोक मिटतं, चामड्याचं मिटत नाही. टोचायचं ते विचार करून टोचावं लागतं. लेखकांसाठी कागद चामड्याचा करायला हवा होता.

पण सोफ्याचा कस बसून लागत नाही. तो पालथा घालून, पाठ उघडून बघितल्यावर लागतो. हे मला त्या कारागिरामुळे कळलं.

खोडाळ्याच्या बाजारात चपला, दप्तरं आणि बॅगांच्या चेनी दुरुस्त करायला एक काका बसतात. गुरुजींचं लक्ष त्यांच्याकडे कधी गेलं नव्हतं, काकूंचं गेलं. काकूंची पर्स त्यांनी अशी शिवली होती, की टाका कुठे आहे ते शोधायला चष्मा लागावा. त्यांना बोलावलं. ते आले, सोफ्यासमोर उकिडवे बसले आणि आधी बोटं फिरवून बटणं मोजली. एकवीस हवीत, अठरा होती. एक बशीत होतं, दोन दादरलाच कधी काळी हरवलेली.

"गुरुजी, हा पालथा घालाया लागंल. पाठ उघडल्याबिगर नाही व्हायचं."

"तुम्ही असलं काम केलंय?" गुरुजींनी विचारलं. आवाजात परीक्षक होता.

"मुंबईला सोफ्याच्या कारखान्यात होतो. बारा वर्सं हेच केलं. मग आई आजारी पडली, गावी आलो. हिथं कुणाकडं सोफा? चपला शिवतो."

चटई अंथरून सोफा तोंडावर पाडला. काकांनी चिमट्याने मागच्या कापडाच्या चुका काढायला सुरुवात केली. बारीक खिळ्यांना कारागीर चुका म्हणतात, आणि चुका काढणं हे तर समीक्षकाचं काम. मी उत्साहाने पुढे सरसावलो. पण माझ्यात आणि काकांत एक फरक दिसला. काढलेली प्रत्येक चूक ते सरळ करून डबीत ठेवत होते.

कापड दूर झालं आणि सोफ्याची पाठ दिसली. गोणपाट, त्यावर एकवीस दोऱ्यांची टोकं, प्रत्येक गाठीखाली चामड्याची दुमडलेली चिंधी, दोऱ्याने गोणपाट कापू नये म्हणून. साठ-सत्तर वर्षांपूर्वी, कुठल्या शहरात, कुणी त्या मारल्या होत्या देव जाणे. कधीच कुणी बघणार नव्हतं अशा जागी तो माणूस ओळीने, सारख्या अंतरावर गाठी मारून गेला होता. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एका गाठीवर अंगठा ठेवून म्हणाले, "ही आमचीच गाठ. उस्ताद हीच शिकवायचा." तुटलेला दोरा त्यांनी दाखवला. दोरा सुती, तारेच्या कड्याशी घासून झिजलेला आणि त्यात खोडाळ्याचे चार पावसाळे मुरलेले. आणखी चार दोरे त्यांनी ओढून बघितले, दोन तिथल्या तिथे तुटले.

इथे खरा वाद झाला. काका म्हणाले, एकवीसच्या एकवीस नव्या दोऱ्यात घ्यावीत. गुरुजी म्हणाले, तक्रार एका बटणाची आहे. पैशाचं विचारलं तर काकांनी सगळ्या कामाचे आठशे रुपये सांगितले. पुण्याचा मुलगा फोनवर होता. तो म्हणाला, "बाबा, आठशे? ऑनलाइन शंभरात बटणांचं पाकीट येतं." ज्याने स्वतःचा सोफा महिन्याच्या हप्त्यावर घेतला आहे आणि हप्ते संपायच्या आत ज्याचे पापुद्रे निघाले आहेत, असा हा मुलगा. मला या ठिकाणी समीक्षकाचा तटस्थपणा सोडावासा वाटतो. नवी वस्तू घेताना आपण दुकानदाराला "लावून द्या" म्हणून सांगतो आणि दुरुस्तीच्या वेळी मात्र आपल्या अंगात सगळे हिशेबनीस संचारतात. बारा वर्षं शिकलेला हात दिवसभर राबणार, त्याचे आठशे जास्त वाटतात. आणि पाकिटातलं बटण कोण बसवणार, हे कुणी विचारत नाही. काकूंनी फोन गुरुजींच्या हातातून घेतला आणि "जेवून घे रे वेळेवर" एवढंच म्हणून बंद केला. एकवीसच्या एकवीस ठरली.

बटणांची मापं लाइनीत मोजतात. चाळीस लाइनी म्हणजे एक इंच. आमचं बटण छत्तीस नंबरचं निघालं, म्हणजे इंचाला जरासं कमी. शहरात ती बसवायला साचा असतो : खाली टोपी, वर चामडं, दांडा दाबला की झालं. खोडाळ्यात साचा नव्हता. हरवलेल्या दोन बटणांसाठी काकांनी मागितली ती कुठलीही मोठी, खाली कडं असलेली बटणं. गुरुजींनी कपाटावरची वाटी आणली आणि तीत एका जुन्या लोकरी कोटाची दोन बटणं निघाली. म्हणजे आपला सोफ्याशी छत्तीसचा आकडा फार दिवस टिकला नाही.

चामडं बैठकीच्या तळाशी दुमडलेल्या पट्टीतून कापलं. तिथून थोडं गेलं तरी दिसत नाही. पण सोफ्याचं चामडं जाड. तसंच गुंडाळलं तर बटणाचा लाडू होतो. काकांनी रापीने ते मागून तासत तासत अर्ध्यावर आणलं, बटणाच्या जवळजवळ दुप्पट व्यासाची चकती कापली, कडेने धावदोरा घातला आणि बटवा ओढावा तसा ओढला. सुई म्हणाल, तर सायकलच्या स्पोकची. एक टोक घासून अणकुचीदार केलेली, दुसऱ्याला भोक, वीतभराहून लांब. दोरा नायलॉनचा, मेणावर ओढलेला. "हिथल्या पावसात सूत कुजतं," ते म्हणाले. लिलाव करणाऱ्या कंपनीला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

मग सगळी बटणं सरकत्या गाठीवर सैल टांगली. एकही शेवटपर्यंत आवळलं नाही. सोफा उभा केला, काका चार पावलं मागे गेले, डोळे बारीक केले, पुन्हा पाठीशी जाऊन एक दोरा जरा ओढला, पुन्हा पुढे आले. एक बटण पुरतं आवळलं की शेजारची घडी तिरपी होते, म्हणून सगळी थोडी थोडी, पाळीपाळीने. खोली मोजायला अंगठ्याचं पेर. हे दोन तास चाललं. गुरुजींच्या शेजारचा एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा दारात उभा राहून बघत होता. काकांनी त्याला सुई धरायला दिली. मी विचारलं, "शिकवा की याला." काका म्हणाले, "दिवाळी झाली का हे घर भिवंडीकडं, वीटभट्टीला. आखाडाच्या तोंडाशी परत. शिकायचा कधी?" मुलाने सुई मात्र छान धरली होती, ओढ किती द्यायची ते त्याला दोनदाच सांगावं लागलं.

सोफा तयार झाला तेव्हा संध्याकाळ झाली होती. एकोणीस बटणं जुन्या रंगाची आणि दोन काळपट. कारण तळातल्या चामड्याने ऊन कधी पाहिलंच नव्हतं. सोफ्याचा खरा रंग तोच, बाकीचा सोफा विटलेला. पण बहुमत विटलेल्यांचं असल्यामुळे ती दोन चुकीची दिसत होती. शाळेच्या फोटोत नवे गणवेश घालून आलेल्या दोन पोरांसारखी. गुरुजींनी ती पाहिली, मान डोलावली आणि क्रोशाचा रुमाल घेऊन काकू येत होत्या त्यांना हाताने थांबवलं.

पाठीमागे मात्र एक गोष्ट मला खटकली होती. एवढं नीटनेटकं काम, आणि प्रत्येक गाठीपुढे दोऱ्याचं चांगलं चार बोटं शेपूट तसंच लोंबत ठेवलेलं. मी काकांना म्हटलं, "हे कापत नाही?"

"ठेवतात तेवढं. पुढल्या माणसाला धराया हवं ना."

त्यांनी मागचं कापड पुन्हा ताणलं आणि डबीतल्या चुका एकेक करून त्याच भोकांत ठोकल्या. तीन चुका कमी पडल्या. गुरुजींनी त्या वाटीतून काढून दिल्या.